शेवटच्या कडव्यातले नाव

पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे गाव महाराष्ट्राला तानाजी मालुसऱ्यांचे गाव म्हणून ठाऊक आहे. ते ठाऊक करून देण्यात बखरींचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा एका पोवाड्याचा आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडाच्या लढाईवर तुळशीदास शाहिराने रचलेल्या या पोवाड्यात उमरठला तानाजींचा मुलगा रायबा याच्या लग्नाची गडबड चाललेली असते आणि तिथेच शिवाजी महाराजांचा निरोप येऊन थडकतो. पोवाड्यातले किती तपशील खरे आणि किती शाहिराच्या पदरचे, यावर इतिहासकारांनी भरपूर वाद घातले आहेत. शाहिराचे नाव मात्र कोणाला बाद करता आलेले नाही, कारण ते पोवाड्याच्या अंगातच आहे. उमरठहून फार लांब नसलेल्या प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखान मारला गेला. त्यावरचा पोवाडा अज्ञानदासाचा. कोणी त्याला अगिनदास म्हणतात, पाठागणिक नावाचा उच्चार थोडा बदलतो, पण माणूस हरवत नाही. जिजाबाईंच्या सांगण्यावरून आपण हा पोवाडा रचला आणि त्याबद्दल आपल्याला घोडा व शेरभर सोन्याचा तोडा मिळाला, हेही या शाहिराने पोवाड्यातच सांगून ठेवले आहे. मराठी गाणाऱ्याच्या बिदागीची इतकी जुनी आणि इतकी स्वच्छ नोंद सहज सापडत नाही. खुद्द पोलादपूर गावात कवींद्र परमानंदांची समाधी दाखवतात. त्यांचे संस्कृत ‘शिवभारत’ बत्तिसाव्या अध्यायात अर्धवट थांबते, आणि ते छापून वाचकांपुढे यायला १९२७ साल उजाडावे लागले. इतका काळ हस्तलिखित म्हणून पडून राहिलेल्या ग्रंथाचा कर्ता कोण, असा प्रश्न तरीही कोणाला पडला नाही. अध्याय संपताना कवी आपले नाव आणि नेवाशाचा आपला ठिकाणा सांगतो, तेवढे पुरले.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात आज गाण्यावर पोट असलेली माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या अडचणीही पुष्कळ आहेत. शाहीर आहेत, शक्ती-तुऱ्याचे नाच बसवणारे गुरू आहेत, भजनी बुवा आहेत, खालूबाजाचे सनईवाले आणि ढोलवाले आहेत, बँजो पार्ट्या आहेत, डीजे आहेत, लग्नाचे शूटिंग करता करता गाण्यांचे व्हिडिओ काढू लागलेले तरुण आहेत, एका खोलीत संगणक आणि माइक मांडून ‘ट्रॅक’ बनवून देणारे आहेत. त्यांच्या अडचणी विचारल्या की उत्तर पैशाचे येते: सुपाऱ्या कमी झाल्या, बिदागी वाढत नाही, मोबाइलवर सगळे फुकट मिळते. हे खरे आहे, पण ही अडचण वरची आहे. तिच्या खालची अडचण नावाची. कोणी रचले, कोणी चाल लावली, कोणी गायले, ढोलकी कोणाची, ही नोंदच राहिली नाही तर पैसा मागायला उभे राहण्याची जागा उरत नाही. नाव गाण्यात ओवण्याचे काम पूर्वी रचणाराच करी. आता ते सांभाळण्याची जबाबदारी ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे, व्हिडिओ चढवणाऱ्याकडे आणि गाणे वाजवणाऱ्याकडे गेली आहे, आणि ती आपली आहे असे या मंडळींना अजून वाटत नाही.

नाव ओवण्याची ही रीत समजून घेण्यासारखी आहे. दक्षिण रायगड आणि रत्नागिरीत गणपतीत नाचवला जाणारा जाखडी नाच, म्हणजेच शक्ती-तुरा, हा दोन पक्षांचा सामना असतो. शक्तीवाले प्रकृतीचा पक्ष घेतात, तुरेवाले पुरुषाचा. सवालाला जवाब द्यायचा, पुराणातला दाखला काढायचा आणि समोरच्याला निरुत्तर करायचे. या सामन्यात गाण्याच्या शेवटी गुरूचे आणि शाहिराचे नाव येते ते हौसेखातर येत नाही. कोणत्या घराण्याचे गाणे आहे हे कळल्याशिवाय जवाब देणाऱ्याला जवाब देता येत नाही, आणि दुसऱ्याचे गाणे आपले म्हणून म्हटले तर भर सभेत उघडे पडावे लागते. संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव घातले, शाहिरांनी पोवाड्यात घातले, जलशांतूनही ती चाल पुढे आली. महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. या घटना खेडोपाडी पोचवल्या त्या आंबेडकरी जलशांनी आणि गायनपार्ट्यांनी. त्या परंपरेतले सर्वांत मोठे गीतकार वामनदादा कर्डक (१९२२–२००४) नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे. गावोगाव फिरून लिहीत-गात राहिलेल्या या माणसाची गाणी वह्यांतून आणि तोंडांतून पसरली, शेकडो गायकांनी आपापल्या गळ्याने म्हटली. तरी ती वामनदादांचीच राहिली, कारण शेवटी ‘वामन’ येतो. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ असे आहे.

ध्वनिमुद्रण भारतात आले तेव्हा यंत्रालासुद्धा ही गरज पडली होती. १९०२ साली कोलकात्यात गौहर जानची गाणी मुद्रित झाली तेव्हा तबकडीच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव सांगते. ते ऐकून आज गंमत वाटते, पण कारण व्यवहारातले होते. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हानोव्हरला जायच्या, तिथे त्यांच्या प्रती निघायच्या, आणि तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळायला दुसरा सोपा मार्ग नव्हता. म्हणजे आवाज माणसापासून सुटून दूर गेला की नाव त्याच्याबरोबर जायला हवे, हे कंपन्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. पुढे कागदी लेबल आले, नाव आवाजातून लेबलावर गेले, आणि ते छापायचे की नाही हे लेबल छापणाऱ्याच्या मर्जीवर राहिले.

इथून गळती सुरू होते. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडून गल्लीबोळांतल्या कंपन्या उभ्या राहिल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या आपल्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारताच्या संदर्भात याचे दोन्ही परिणाम नोंदवले आहेत: प्रादेशिक गाण्याला पहिल्यांदा बाजार मिळाला, आणि चोरून प्रती काढण्याचा धंदाही तितकाच फोफावला. कोकणात वेगळे घडले नाही. शक्ती-तुऱ्याचे सामने, गौळणी, भीमगीते कॅसेटवर आली, चाकरमान्यांच्या पिशव्यांतून गावी गेली. गाणाऱ्याला बहुधा एकरकमी पैसे मिळाले, आणि वेष्टनावर मुख्य गायकाचा फोटो व कंपनीचे नाव मोठे राहिले. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२अ इथे वाचण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर काय छापलेच पाहिजे हे ते सांगते: मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. गीतकाराचे नाव या यादीत नाही. संगीतकाराचे नाही, ढोलकीवाल्याचे तर नाहीच. कायद्याने धंद्याला जे सक्तीचे केले ते मालकाचे नाव, आणि धंद्याने तेवढेच पाळले, यात नवल नाही.

मोबाइलच्या काळात वेष्टनही गेले. आता गाण्याला जी माहिती चिकटते ती व्हिडिओ चढवणारा टंकतो, आणि तो स्वतःच्या चॅनेलचे नाव सर्वांत वर ठेवतो. त्याखाली गावाचे नाव, मंडळाचे नाव, सजावट कोणाची, जेवण कोणाचे, सौजन्य कोणाचे, इतके सगळे येते. शब्द कोणाचे ते येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट गाण्याच्या लांबीची आहे. डीजे गाण्याचा ठेका आणि धृपद उचलतो, अर्ध्या मिनिटाची रील एकच ओळ उचलते. नाममुद्रा असते शेवटच्या कडव्यात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नाव सांभाळणारी युक्ती ज्या जागेवर बसलेली होती, नेमकी तीच जागा नव्या माध्यमाने कापून टाकली. मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतींबद्दल तक्रार करताना आपण डेसिबलबद्दल बोलतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही २००० च्या नियमांतली मर्यादा सर्रास ओलांडली जाते, आणि त्याचा त्रास आजारी माणसांना आणि तान्ह्या मुलांना होतो, हे खरेच. पण त्या भिंतीसमोर शब्दच ऐकू येत नाहीत, आणि शब्द ऐकू आले नाहीत की ते कोणाचे हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे नुकसान मोजायला यंत्र नाही.

नाव नसल्याने खरोखर काय बिघडते? पहिले उदाहरण कायद्यातलेच. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी निर्मात्याने करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक सर्वसाधारणपणे निर्माता. पस्तीस वर्षे गीतकार-संगीतकार या निकालाखाली दबून होते. २०१२ च्या दुरुस्तीने, ज्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हिरिरीने बाजू मांडली, चित्र पालटले. गीतकाराला आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा आता वारसांखेरीज किंवा हक्कसंस्थेखेरीज कोणाला लिहून देता येत नाही; दिला तरी तो करार निरर्थक. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क १९९४ पासून कायद्यात होते, ते अधिक भक्कम झाले, त्यांची मुदत पन्नास वर्षे आहे, आणि ‘ही कला माझी’ असे म्हणण्याचा नैतिक हक्कही त्यांना स्पष्ट शब्दांत मिळाला. पण त्याच दुरुस्तीत ‘कलावंत’ या व्याख्येला एक शेपूट जोडले गेले. चित्रफितीत एखाद्याचा सहभाग प्रासंगिक किंवा किरकोळ असेल, आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे त्याचा उल्लेख श्रेयनामावलीसह कुठेच होत नसेल, तर एक अपवाद सोडून त्याला कलावंत धरायचे नाही. ही तरतूद पडद्यावर मागे दिसणाऱ्या गर्दीसाठी आहे असे म्हणता येईल. पण नाव न लिहिण्याची रीत जिथे पडली आहे तिथे ती रीतच माणसाचा हक्क काढून घ्यायला पुरावा म्हणून वापरता येते, हे त्या शब्दांतून निघते. जाखडीत नाचणाऱ्या बाल्यांच्या मागे झांज धरून उभा राहिलेला कोरसवाला किरकोळ की महत्त्वाचा, हे ठरवायची वेळ आलीच तर व्हिडिओखाली त्याचे नाव आहे की नाही हे पाहिले जाईल.

दुसरे उदाहरण रोजच्या जगण्यातले. राज्य शासन ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधन देते. २०२४ पासून ते सरसकट दरमहा ५ हजार रुपये झाले. त्यासाठी आपण इतकी वर्षे कला केली याचे पुरावे जोडावे लागतात, म्हणजे पत्रिका, जाहिराती, प्रमाणपत्रे, कात्रणे. आयुष्यभर दुसऱ्याच्या पार्टीत सनई फुंकलेल्या माणसाकडे यातले काय असणार? पत्रिकेवर ‘आणि सहकारी’ छापलेले असते. हे दोन शब्द छापणाऱ्याने जागा वाचवली, आणि म्हातारपणी त्या ‘सहकाऱ्या’ला कचेरीत दाखवायला कागद राहिला नाही.

तिसरे उदाहरण बंगालचे आहे, पण ते सगळ्या लोकगायकांना लागू पडते. बीरभूमच्या रतन काहार यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक गीत रचले. १९७६ मध्ये ते दुसऱ्या गायिकेच्या आवाजात मुद्रित होऊन घराघरांत गेले, आणि हळूहळू ‘लोकगीत’ झाले. मार्च २०२० मध्ये रॅपर बादशाहने त्यातल्या ओळी घेऊन ‘गेंदा फूल’ काढले. मूळ शब्दांना श्रेय होते ते बंगाली लोकगीत म्हणून. समाजमाध्यमांवर ओरड झाली, मग रतन काहार कुठे आहेत याचा शोध लागला, बादशाहने त्यांना ५ लाख रुपये दिले, आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोष्ट गोड झाली असे वाटते खरे, पण काहार हयात होते, त्यांना ओळखणारी माणसे हयात होती आणि गाणे कोट्यवधींनी ऐकले गेले, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणून. आपल्याकडे गाण्याखाली ‘पारंपरिक’ लिहिले जाते तेव्हा त्यातल्या किती जागी खरोखर परंपरा असते आणि किती जागी फक्त चौकशी थांबलेली असते? माझा संशय दुसऱ्या बाजूला जास्त झुकतो.

यावर पहिला आक्षेप वारकऱ्यांचा येईल, आणि पोलादपुरासारख्या भजन-कीर्तनात मुरलेल्या तालुक्यात तो वजनदार आहे. गाणे देवाचे, गाणारा निमित्त, नावाचा हट्ट कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याला वारकरी परंपराच उत्तर देते. ज्या संतांनी अहंकार सोडायला सांगितला त्यांनीच प्रत्येक अभंगात नाव घातले. नाव हे जबाबदारीचे चिन्ह होते: जे बोललो ते मी बोललो, जाब मला विचारा. तुकारामांच्या गाथेत नंतरच्या लोकांनी घुसडलेले अभंग कोणते, यावर अभ्यासक आजही काथ्याकूट करतात तो नावाला किंमत आहे म्हणूनच. नम्रता म्हणून स्वतःचे नाव झाकणे हा रचणाऱ्याचा अधिकार आहे. दुसऱ्याचे नाव झाकण्याला नम्रता म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप रोकडा आहे: यात मिळणार काय? स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला वर्षात एक हजार वेळा ऐकले गेल्याशिवाय त्या मुद्रणाच्या रॉयल्टीत वाटाच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा तर चॅनेलला एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तासांचे पाहणे जमवावे लागते. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या नाचाला हे आकडे गाठणे कठीण. मान्य. गाण्याच्या धंद्यातला पैसा थोड्यांकडे जातो आणि तो नाव लिहिल्याने इकडे वळेल असा दावा मी करत नाही. पण पैसा येतो तेव्हा अचानक येतो: एखादी मालिका, एखादा चित्रपट, एखादा डीजे ती चाल उचलतो. त्या दिवशी नोंद तयार असेल त्याला वाटा मिळतो. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस आणि गायकांची २०१३ मध्ये नोंदणी झालेली इस्रा या संस्था पैसे वाटतात ते कामाच्या नोंदीवरून; सातबाऱ्यावर नाव नसताना जमिनीचा मोबदला मागण्यात जितका अर्थ, तितकाच नोंदीशिवाय रॉयल्टी मागण्यात. शिवाय नावाचा हक्क पैशाच्या हक्कापासून कायद्यानेच वेगळा ठेवला आहे. कलम ५७ प्रमाणे सगळे हक्क विकून टाकल्यावरही ‘हे माझे’ म्हणण्याचा लेखकाचा हक्क जात नाही.

इथे एक भीती दूर केली पाहिजे, कारण ती खरोखरच पसरलेली आहे. नावाचा आग्रह धरला की उद्या प्रत्येक भजनी मंडळाच्या दारात रॉयल्टीची नोटीस येईल, असे काहींना वाटते. तसे होण्याचे कारण नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणे म्हणणे-वाजवणे कायद्याने मोकळे ठेवले आहे, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळेही येतात. काकड आरतीला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून माझा आग्रह फीचा नाही. देवळात गायलेले भजन फुकटच असावे; त्याचा व्हिडिओ चढवताना बुवांचे, पखवाजवाल्याचे आणि रचना हल्लीची असेल तर कवीचे नाव त्याखाली असावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो कलावंतांवरच उलटतो. शाहीर आपल्या नावासाठी भांडतो, आणि स्वतः मात्र हिंदी चित्रपटाच्या चालीवर शब्द बसवतो! शक्ती-तुऱ्यात, भजनात, भीमगीतांत ही रीत सर्रास आहे. लोकांना चाल आधीच पाठ असते, शब्द पटकन पोचतात; चळवळीच्या गाण्याला याचा फार उपयोग झाला. हे चोरी म्हणून निकालात काढणे अडाणीपणाचे होईल. पण आजचा कायदा याला अनुकूल नाही. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन, गाणे पुन्हा मुद्रित करता येते, पण मूळ कृतीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करता येत नाही, म्हणजे नवे शब्द बसवणे त्या सवलतीत येत नाही. यूट्यूबचे यंत्र चाल ओळखते आणि व्हिडिओवर मूळ कंपनीचा दावा लागतो. मग शाहिराचे स्वतःचे शब्द, ज्यांवर त्याचा पूर्ण हक्क आहे, तेही दुसऱ्याच्या खात्यात जाऊन बसतात. यातून निघणारी जबाबदारी शाहिराची आहे. ध्वनिमुद्रणासाठी तरी चाल स्वतःची हवी किंवा खरोखर जुनी हवी. आणि उसनी असेल तर कोणाची ते उघड सांगायला हवे. नाव मागणाऱ्याने नाव द्यायलाही शिकले पाहिजे.

या सगळ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न नव्याने आला आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करून देणाऱ्या मंचांना अंतरिम आदेशाने रोखले. त्यांचे नाव, आवाज आणि गाण्याची ढब ही त्यांची स्वतःची, हे न्यायालयाने मानले. आदेश स्वागतार्ह आहे, पण तो कोणाला उपयोगी पडेल? ज्याचा आवाज लाखो लोक ओळखतात त्याला. महाडच्या एखाद्या शाहिराच्या आवाजाची नक्कल झाली तर हा त्याचाच आवाज हे सिद्ध करायला त्याच्या नावानिशी, तारखेनिशी जपलेली मुद्रणे लागतील. अनामिक आवाजाची नक्कल झाली तर तक्रार करायला फिर्यादीच नसतो.

मग काम कोणी करायचे? शूटिंगवाल्याने, असे मी सरळ म्हणतो, आणि ते त्याला जाचक होईल असे मला वाटत नाही. कार्यक्रमाआधी तो मंडळाच्या माणसाकडून पाहुण्यांची नावे लिहून घेतोच, कारण ती पडद्यावर झळकली नाहीत तर भांडण होते. त्याच कागदावर रचना, चाल, गायक, कोरस, ढोलकी, झांज अशी नावे लिहून घ्यायला पाच मिनिटे लागतात. व्हिडिओखाली तीन ओळी वाढतात, आणि रील कापताना नाव पडद्याच्या कोपऱ्यात ठेवता येते. डीजेने मूळ गाण्याचे नाव यादीत लिहावे. मंडळांनी पत्रिकेवर ‘आणि सहकारी’ छापणे बंद करावे. २० मार्चला महाडला आणि शिवराज्याभिषेकाला रायगडावर लोटणाऱ्या गर्दीपुढे गाणाऱ्यांनी सुरुवातीलाच गीतकाराचे नाव घ्यावे, कारण शेवटच्या कडव्यापर्यंत मोबाइल बंद झालेले असतात. स्टुडिओवाल्याला तर याहून सोपे आहे: मुद्रणाला जगभर चालणारा बारा अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो, तो घेऊन फाइलमध्येच नावे भरता येतात, आणि फाइल जशीच्या तशी पुढे गेली तर ती नावे बरोबर जातात. यात कायद्याचीही एक दुरुस्ती हवी आहे. कलम ५२अ च्या यादीत गीतकार, संगीतकार आणि मुख्य कलावंत यांची नावे सक्तीची व्हायला हवीत; मालकाचे नाव छापायला जागा असते तर यांच्यासाठीही असेल.

मागे पडलेल्या गाण्यांचे काम याहून जड आहे. पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह १८९१ मध्ये ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी छापला तेव्हा तुळशीदास आणि अज्ञानदास ही नावे पुस्तकात शिरली. ज्या गोंधळ्यांच्या तोंडून ही गाणी दोनशेहून अधिक वर्षे टिकली ते सामान्य वाचकाला आजही परके आहेत. आता तोंडापेक्षा वह्यांचा प्रश्न आहे. शक्ती-तुऱ्याच्या गुरूंची गाणी हाताने लिहिलेल्या वह्यांत, गावच्या घरातल्या फडताळात असतात. २२ जुलै २०२१ ला सावित्रीला पूर आला तेव्हा महाड शहरातले खालचे मजले पाण्याखाली गेले आणि त्याच दिवसांत तळीये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडींनी माणसे गाडली. जिथे माणसे वाचली नाहीत तिथे वहीचे काय बोलावे. पण वाचलेल्यांच्या घरांतला कागद भिजला तर त्याची दुसरी प्रत नसते. मोबाइलने पाने टिपून ठेवायला खर्च नाही. ती छापायची किंवा मुद्रित करायची झाली तर मात्र वारसांना गाठावे लागते, कारण शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. १९९० मध्ये वारलेल्या शाहिराच्या गाण्यांना २०५० संपेपर्यंत संमती लागणार. वारसांतला एक गावात, एक विरारला, एक डोंबिवलीला असला तर सह्या तिघांच्या घ्याव्या लागतील, आणि ज्या मंडळाने ती गाणी चाळीस वर्षे नाचवली त्याला या तिघांपुढे कायद्याने काही स्थान नाही. गणपतीला हे सगळे गावी एकत्र येतात. संमतीचा कागद तेव्हाच करावा, आणि त्यात प्रत्येक गाण्याची पहिली ओळ, चाल कोणाची, साधारण कोणत्या सालचे, आणि वही सध्या कोणाकडे आहे, हे स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावे.